बाई, र कुठे ठेवू?

नोकरी अशी असावी, की लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईने विचारलं तर जिलबीचा तुकडा आणि मठ्ठ्याचा घोट यांच्या मधल्या वेळात सांगून व्हावी. "बँकेत आहे." "पोस्टात आहे." "एल. आय. सी.त आहे." विचारणारीचं समाधान होतं, आणि तिचं एखादं अडलेलं काम असलं तर तेही तिथल्या तिथे आपल्या गळ्यात पडतं. माझ्या नोकरीने मला हे सुख एकवीस वर्षांत एकदाही दिलं नाही.

"मी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शिकवते," असं मी सांगायची. आता 'अध्ययन अक्षमता' हा शब्दच असा आहे, की तो तीनदा भराभर म्हणायला लावला तर चांगल्या धडधाकट माणसाची अक्षमता उघडी पडते. शेजारची बाई क्षणभर थांबायची. मग आवाज खाली आणून विचारायची,

"म्हणजे, मतिमंद मुलांच्या शाळेत का?"

"नाही हो. साध्याच शाळेत. ही मुलं चांगली हुशार असतात."

"हुशार असतात?"

"हो."

"मग तुम्ही कशाला?"

या प्रश्नाला तर्कशास्त्रात उत्तर नाही. आणि तोवर मठ्ठा संपलेला असे.

आमच्या सासूबाईंनी हा गुंता परस्पर सोडवून टाकला होता. "आमची सून ढ मुलांच्या शिकवण्या घेते," असं त्यांनी बिल्डिंगमध्ये जाहीर केलं होतं. त्यामुळे बायका संध्याकाळी आपापली पोरं धरून आणायच्या आणि कलिंगडवाल्याला विचारावं तशा सुरात म्हणायच्या, "जरा बघा हो हा ढ आहे का. वरून कळत नाही."

वरून कळत नाही, हे मात्र शंभर टक्के खरं. हा सगळा प्रकार वरून न कळण्याचाच आहे. मुलाचे डोळे चांगले, कान चांगले, बुद्धी चांगली. गप्पांना बसवा, तुम्हाला विकून येईल. गोष्ट ऐकवा, शब्दाला शब्द लावून परत सांगेल. फक्त पुस्तक उघडलं की अक्षरं त्याच्यासमोर ओळीत बसायला तयार नसतात. वाचायला अडतं तो डिस्लेक्सिया, लिहायला अडतं तो डिसग्राफिया आणि आकड्यांशी वाकडं तो डिसकॅल्क्युलिया. या तिघी सख्ख्या बहिणी असून बऱ्याचदा एकत्रच मुक्कामाला येतात.

यातलं 'डिस्लेक्सिया' हे नाव १८८७ साली एका जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलं. त्यांचं आडनाव बर्लिन आणि गाव श्टुटगार्ट. (नावात आणि पत्त्यात असा घोळ असणाऱ्या माणसालाच हे सुचायचं.) पण त्यांच्यासमोर होती ती मेंदूला इजा झालेली मोठी माणसं. मुलांचं पहिलं नीट वर्णन आलं १८९६ साली. इंग्लंडमधल्या सीफर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. मुलाचं नाव पर्सी. तल्लख, खेळात पटाईत. ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने झटक्यात आणि बरोबर केला. मी तो कॅल्क्युलेटरवर करून पाहिला. उत्तर ६,४९,३८३ येतं. पण वर्षानुवर्षं शिकवूनही या गड्याला साधे साधे शब्द वाचता येईनात. त्याचे मास्तर म्हणाले होते, की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत पहिला आला असता. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तेव्हा पर्सीने 'प्रेसी' लिहिलं. म्हणजे 'र' जागेवरून हलला. हा 'र' लक्षात ठेवा, त्याने माझी अर्धी नोकरी खाल्ली आहे.

ही हकीकत छापून आली १८९६ साली, आणि अशा मुलांना परीक्षेत सवलती द्याव्यात असं आपल्या महाराष्ट्र सरकारने ठरवलं ते १९९६ साली. मोजून शंभर वर्षं. फायली एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जायला किती काळ लागतो हे ज्याने पाहिलंय, तो याला दिरंगाई म्हणणार नाही. सीफर्ड बरंच लांब आहे.

आमच्या शाळेपर्यंत हे वारं १९९८ साली आलं. शाळा मुंबईच्या उपनगरातली, मराठी माध्यमाची. हेडसरांनी मला बोलावून सांगितलं, की अशा मुलांसाठी एक वेगळी खोली उघडायची आहे आणि त्यासाठी प्रशिक्षण घ्यायला तुम्ही जा. "मीच का, सर?" असं मी विचारलं. सर म्हणाले, "तुम्ही मराठी शिकवता. त्यामुळे मुलांना काही येत नाही याची तुम्हाला सवय आहे."

प्रशिक्षण झालं आणि मला खोली मिळाली. म्हणजे काय, तर पी. टी.च्या सामानाची खोली रिकामी करायची असं ठरलं. पण सामान हलवायला शिपाई मोकळा नव्हता. त्यामुळे पहिलं वर्षभर मी आणि माझी अकरा मुलं, चाळीस लेझिमी, दोन ढोल आणि एक फाटका जाजम असे एकत्र शिकलो. दारावर 'संसाधन कक्ष' अशी पाटी लागली. ती माझ्या अकरापैकी एकालाही वाचता येत नव्हती. ती वाचता येणं हाच मी अभ्यासक्रम धरला.

साहित्य म्हणाल तर इंग्रजीतून शिकणाऱ्यांसाठी पेट्याच्या पेट्या मिळत. मराठीसाठी आनंद होता. मग घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापल्या आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं काढली. पुढच्या बाजूला गणपती असल्यामुळे प्रत्येक कार्ड उचलल्यावर मुलं आधी कपाळाला लावायची आणि मग चुकीचं वाचायची. दुसरं साहित्य म्हणजे रव्याचं ताट. या मुलांना अक्षर नुसतं डोळ्यांनी दाखवून भागत नाही. ते बोटाला कळावं लागतं, कानाला कळावं लागतं, तोंडाने म्हणावं लागतं. चार वाटांनी आत सोडलं तर एखाद्या वाटेने पोहोचतं. अमेरिकेत ऑर्टन नावाच्या डॉक्टरांनी आणि गिलिंगहॅम नावाच्या बाईंनी शंभर वर्षांपूर्वी या पद्धतीचा पाया घातला. त्यांच्याकडे वाळू वगैरे वापरतात. मी घरून रवा नेला. सासूबाईंनी डबा हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "सरकार पगार देतं म्हणतेस, आणि रवा आमचा?" एकदा शनिवारी ताट तसंच राहिलं. सोमवारी आलो तर मुंग्यांनी 'क्ष' संपूर्ण नेला होता आणि 'ज्ञ'चं काम चालू होतं. मुलांना फार आनंद झाला. मुंग्या ही दोन अक्षरं कायमची घेऊन जातील तर रोज रवा ठेवू, असं एकाने सुचवलंसुद्धा.

आता थोडं आपल्या लिपीविषयी. आपली लिपी शास्त्रशुद्ध आहे, जसं बोलावं तसं लिहावं, वगैरे गोष्टी मीही बी. एड.ला लिहून गुण मिळवले आहेत. पण कधी एकदा सहावीतल्या अडलेल्या मुलाशेजारी बसून ती बघा. 'कि' म्हणताना तोंडातून आधी क निघतो आणि मग इ. लिहिताना? आधी वेलांटी, मग क. मूल बिचारं 'पहिला'चं 'पिहला' करतं आणि आपण म्हणतो लक्ष नाही. घ आणि ध यांच्यात फरक काय, तर एकाची शेंडी बांधलेली आणि एकाची सुटलेली. भ आणि म यांचं तेच. आणि तो 'र'! सरकारी नोकरासारखी त्याची सारखी बदली. 'धर्म'मध्ये तो डोक्यावर बसतो. 'चक्र'मध्ये पायाशी येतो. 'राष्ट्र'मध्ये ट च्या खाली छपराएवढा होऊन बसतो. आणि 'सुऱ्या'मध्ये मिशी होऊन मध्येच चिकटतो. माझ्या एका विद्यार्थ्याने फार गंभीरपणे विचारलं होतं, "बाई, याला एकच घर का नाही देत?"

आकड्यांची तीच तऱ्हा. मराठी ३ आरशासमोर धरला की ६ होतो. म्हणून तर आपण भांडणाऱ्यांना छत्तीसचा आकडा म्हणतो, दोघं पाठ फिरवून बसलेले. आमच्या मुलांना छत्तीस आणि त्रेसष्ट यांत भांडण कुठलं आणि समेट कुठला, तेच कळत नसे. बसच्या पाटीवर पुढच्या बाजूला मराठी आकडे. एक मुलगा चार वर्षं रोज योग्य बसने शाळेत आला. तो आकडा पाहतच नव्हता, कंडक्टरची मिशी पाहत होता. कंडक्टर रजेवर गेला की हा गैरहजर. हजेरीपटावरून मी त्या कंडक्टरच्या रजा सांगू शकले असते.

आणि आपले आकडे वाचायचे कसे? 'बावन्न' ऐकताना आधी दोन ऐकू येतात, मग पन्नास. लिहायचे आधी पाच. 'एकोणसाठ' म्हटलं तर ऐकायचे साठ आणि लिहायचे पाच आणि नऊ. मी निवृत्त झाले त्याच वर्षी, २०१९ साली, दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असं वाचायची सोय केली. मंगला नारळीकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केलेली सूचना होती ती. महाराष्ट्रात काय गहजब! पेपरांत अग्रलेख, विधानसभेत विनोद, मराठी बुडाली म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर रडारड. ज्यांना पाढे पाठ होते ते सगळे बोलले. माझ्या मुलांना कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर टाळ्यांच्या गजरात ठराव पास झाला असता, आणि पुढच्या बैठकीला त्यांनी 'र'चा विषय घेतला असता.

स्टाफरूममध्ये मला सगळ्यात जास्त शिकवावं लागलं. तिथे गणिताचे कुलकर्णी सर होते. (नाव बदललं आहे. पण सरांच्या खऱ्या आडनावातही रफार होता, तेवढं मी प्रामाणिकपणे राखलं आहे.) सर तीस वर्षं छड्या आणि पाढे यांवर जगलेले. माझ्या खोलीबद्दल त्यांचं एकच वाक्य असे, "आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं." हे वाक्य ते चहाच्या आधी एकदा आणि चहानंतर एकदा म्हणत, औषधासारखं.

होतं की, सर. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात होतं. सातवीनंतर शाळा सोडली, प्रगती बेताची, वर्तणूक चांगली. पानामागून पान. प्रगती बेताची आणि वर्तणूक चांगली, म्हणजे मागच्या बाकावर गप्प बसून सात वर्षं काढली आणि मग कुणाच्या तरी हाताखाली कामाला लागला.

सवलत मिळवायची तर प्रमाणपत्र लागे, आणि प्रमाणपत्रासाठी महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जावं लागे. तिथे डोळे, कान, बुद्ध्यांक, वाचन, लेखन, गणित असं सगळं तपासत. पुष्कळ फेऱ्या होत. बुद्ध्यांकाचा कागद हातात आला की घरात एकदम सत्तांतर व्हायचं. "एकशे बारा?" एका आईने मला विचारलं, "शंभरपैकी?" एका वडिलांनी तो आकडा लॅमिनेट करून दुकानात लावला. एक आजी फार गोड होत्या. नातवाला 'डिस्को' झालाय असं त्या सगळ्यांना सांगत. वेखंड उगाळून झालं, ब्राह्मी झाली, बदाम झाले, रामरक्षा तर चालूच होती. "बाई, डिस्को उतरायला किती दिवस लागतात?" मी म्हटलं, आजी, हा उतरत नाही, याच्याबरोबर नांदायला शिकायचं असतं. आजी म्हणाल्या, "म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच."

२००७ च्या डिसेंबरात 'तारे जमीं पर' लागला आणि एका आठवड्यात माझी नोकरी एका वाक्यात सांगण्यासारखी झाली. "त्या सिनेमातलं," एवढं म्हटलं की पंगतभर माना हलायला लागल्या. सिनेमाने खूप केलं, उपकारच आहेत. फक्त त्यानंतर जो येईल तो आपल्या मुलाची चित्रं घेऊन यायचा. वाचता येत नाही म्हणजे चित्रं येत असणारच, अशी लोकांची खात्री झाली. चित्रंही न येणाऱ्या मुलांची त्या वर्षी फार कुचंबणा झाली. त्यात कुठल्याशा मासिकात आइनस्टाइनचं नाव या यादीत छापलेलं. खरं तर त्याला ही अडचण होती याला काही भक्कम पुरावा नाही. पण आई-बाप खुर्ची पुढे ओढून विचारत, "म्हणजे हा आइनस्टाइन होईल का?" मी म्हणायची, "आधी आठवी होऊ दे."

आठवी तशी २०१० पासून आपोआपच होऊ लागली. शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला, आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही असं ठरलं. हेतू चांगला होता. पण नापास होणं ही आमच्या मुलांची एकमेव दाराची घंटा होती. ती वाजेनाशी झाली आणि मुलं थेट नववीत येऊन माझ्या दारात उभी राहू लागली, मिसरूड फुटलेली, 'कमल नमन कर' अडखळत वाचणारी.

मुली मात्र माझ्याकडे कमीच आल्या. मुलगा अडला की दंगा करतो, बाक वाजवतो, मग तक्रार होते. मुलगी अडली की गप्प बसते, अक्षर वळणदार काढते, फळ्यावरचं हुबेहूब उतरवते. काय उतरवलं ते तिला माहीत नसतं. अशा एकीच्या आईला मी तीनदा बोलावलं. आई समजूतदार होती, सगळं पटलं तिला. पण प्रमाणपत्राचं नाव काढल्यावर म्हणाली, "बाई, मुलाचं असतं तर घेतलं असतं. हिचं उद्या लग्न जमवायचंय." मुलगी शेजारी उभी राहून खिडकीतून लेझीम मोजत होती. दहावीला दोन विषय राहिले तिचे. ऑक्टोबरला सुटले. मग मला ती कधी दिसली नाही.

सवलतींमध्ये काय काय असे ते सांगते. तासाला वीस मिनिटं जादा वेळ. शुद्धलेखनाच्या चुका माफ. (आपल्या शुद्धलेखनाचे नियम साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा केले आणि १९७२ मध्ये त्यात आणखी चार घातले. अठरा नियम माफ होणारी माणसं महाराष्ट्रात हीच. बाकीचे न विचारता माफ करून घेतात.) एक भाषा सोडायची मुभा, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं गणित. आणि लेखनिक. मूल तोंडाने सांगणार आणि खालच्या इयत्तेतलं दुसरं मूल लिहिणार.

लेखनिकाच्या यातनांवर कोणी लिहिलेलं नाही. त्याला समोरचा सांगेल तेच लिहायचं असतं. आम्ही निवडायचो हुशार पोरं, कारण अक्षर चांगलं. आता हुशार पोराच्या हाताने चुकीचं उत्तर लिहून घेणं म्हणजे शाकाहारी माणसाकडून कोंबडी कापून घेणं. एकदा भूगोलाच्या पेपरला आमचा परीक्षार्थी आत्मविश्वासाने सांगत होता, की गोदावरी अरबी समुद्राला मिळते. लेखनिक नववीतला, पहिल्या नंबराचा. त्याचं पेन उचलेना. डोळ्यांत पाणी. शेवटी त्याने लिहिलं आणि पेपर संपल्यावर मला येऊन म्हणाला, "बाई, ते मी नाही म्हटलं."

परीक्षार्थी होता बंड्या. हेही नाव खोटं. बंड्या सहावीत असताना, २००४ साली माझ्याकडे आला. वडिलांची शाळेमागच्या गल्लीत पिठाची गिरणी. मुलाला तपासणीला पाठवायचं तर पालकांचं संमतिपत्र लागे, म्हणून वडिलांना बोलावलं. भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरे झालेले गृहस्थ आले, दारातच अंग झटकलं. मी कागद पुढे केला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "चष्मा घरी राहिला, बाई. तुम्हीच वाचून दाखवा."

वाचून दाखवला. त्यांनी सही केली. सही म्हणजे एक ऐटदार फराटा.

पुढच्या खेपेला रुग्णालयाचा अहवाल आला. "चष्मा राहिला, बाई." मी वाचून दाखवला. त्यातला प्रत्येक शब्द त्यांनी पाठ केल्यासारखा ऐकला आणि घरी जाऊन बायकोला जशाच्या तसा सांगितला, असं तिनेच मला नंतर सांगितलं. आमच्या भागात त्यांची ख्याती होती. दोन-अडीचशे घरांचे डबे, कुणाचे गहू, कुणाची ज्वारी, कुणाची थालिपिठाची भाजणी, कुणाचं जाडसर कुणाचं बारीक, एक चिठ्ठी न ठेवता त्यांच्या डोक्यात. डब्यांवर नावं रंगवलेली असत. पण "नाव कशाला बघायचं, डबा ओळखू येतो की," असं ते म्हणत. पोचा कुठे आहे, कडी कुठली तुटकी आहे, यावरून.

तिसऱ्या खेपेला चष्मा खिशात होता. शर्टाच्या वरच्या खिशातून त्याची दांडी चांगली दोन बोटं बाहेर आलेली. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी खिशाकडे हात नेला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा लांबचा आहे."

"हो का? मग मी वाचते," मी म्हटलं. हा विषय पुढे पाच वर्षं आमच्यात निघाला नाही. ते यायचे, मी वाचायची. ज्या खोलीत आपण बसतो तिथे पूर्वी लेझिमी ठेवत, हे त्यांनीच एकदा मला सांगितलं. मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत?" "मी इथलाच, बाई. सातवी ब. मराठीच्या तासाला वाचायचा नंबर आला की मी म्हणायचो, सर, लेझिमी मोजून येऊ? चाळीस आहेत." खरंच चाळीस होत्या.

सिनेमा लागला तेव्हा ते बंड्याला घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चांगला आहे. मी मध्येच उठलो. गिरणी चालू ठेवून आलो होतो." आमच्या भागातल्या प्रत्येक बाईला पाठ आहे, की गिरणी सोमवारी बंद असते. आदला दिवस सोमवारच होता.

बंड्या २००९ साली दहावी झाला. एकसष्ट टक्के. गोदावरीने आपला मार्ग बदलला नाही, पण बाकी भूगोल ठीक होता. वडील पेढे घेऊन आले. पेढे वाटून झाले, बंड्या मित्रांबरोबर पसार झाला, तरी ते खुर्चीवरून उठेनात. पिशवीतून एक डबा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"तांदळाचा रवा आहे. गिरणीवरच काढला. जरा बारीक काढलाय, अक्षर नीट उमटेल."

"अहो, याची काय गरज होती!"

"बाई," ते म्हणाले, "ती जादा वेळाची सवलत, मोठ्या माणसांना असते का?"

"कसली परीक्षा आहे तुमची?"

"परीक्षा नाही. डब्यांवरची नावं."

सोमवारी, गिरणी बंद असायची त्या दिवशी, शाळा सुटल्यावर ते येऊ लागले. त्या वेळी कायद्याच्या यादीत अध्ययन अक्षमता हा शब्दच नव्हता. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. हा प्रकार २०१६ च्या कायद्यात आला, एकवीस प्रकारांबरोबर. पण तो आला असता तरी सत्तेचाळीस वर्षांच्या गिरणीवाल्याला कुठल्या इयत्तेत घालायचं हे त्यात लिहिलेलं नसतं. मी ताटात रवा पसरायची आणि ते आपलं जाडजूड, राकट बोट त्यात बुडवून अक्षर काढायचे. काढता काढता मोठ्याने म्हणायचे, जसं सांगितलं तसं. अक्षरं बरीच भराभर आली. वेलांटीशी थोडी झटापट झाली. पण जोडाक्षर आलं की बोट हवेत थांबायचं. "बाई, र कुठे ठेवू?" डोक्यावर. "आणि इथे?" इथे पायाशी. "एकाच माणसाला दोन वागणुका," असं पुटपुटत ते ठेवायचे.

कुलकर्णी सर त्याआधीच निवृत्त झाले होते. गल्लीतच राहत, आणि सकाळी स्वतः डबा घेऊन गिरणीवर येत. बंड्याच्या वडिलांना सातवीला तेच होते गणिताला. छड्यांचा हिशेब दोघांच्याही लक्षात होता, सरांच्या जरा अभिमानाने.

दिवाळीच्या आधीच्या एका सोमवारी वडील आले ते दारातच हसत. खुर्चीत बसलेसुद्धा नाहीत. रव्याचं ताट पुढे ओढून त्यांनी त्यात सावकाश चार अक्षरं काढली, आणि चौथ्याच्या ऐवजी तिसऱ्याच्या डोक्यावर रफार दिला. कुलर्कणी.

"चुकलं की," मी म्हटलं. "रफार णी वर."

"माझं नाही चुकलं. सरांच्या डब्यावर असंच आहे. पेंटरने काढलंय. पंचवीस वर्षं तो डबा येतोय माझ्याकडे. रांगेतल्या सगळ्यांनी बघितला असेल. सर स्वतः रोज धरतात."

"मग सांगितलंत का सरांना?"

त्यांनी ताट हलवून रवा सारखा केला.

"नाही, बाई. या वयात कशाला लाजवायचं त्यांना?"